फोन कुणाला लावायचा?

२३ मार्च २०२० ची पहाट. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात जो प्रूड यांनी ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला. शिकागोहून आलेला त्यांचा भाऊ डॅनियल भ्रमात काहीबाही बोलत होता आणि आता घरातून पळून गेला होता. बाहेर बर्फ पडत होता. पोलिसांना तो रस्त्यावर सापडला तेव्हा त्याच्या अंगावर कपडे नव्हते. आडवा हो म्हटल्यावर तो आडवा झाला, हात मागे घे म्हटल्यावर त्याने हात मागे घेतले. बेड्या पडल्या. तो थुंकतोय म्हणून पोलिसांनी त्याच्या डोक्यावर जाळीची पिशवी चढवली आणि थोड्या वेळाने डोकं रस्त्यावर दाबून धरलं. त्याचा श्वास थांबला आणि आठवड्याने, ३० मार्चला, तो गेला. वैद्यकीय अहवालात हा मनुष्यवध ठरला. अंगात अमली पदार्थ सापडल्याची नोंदही त्याच अहवालात आहे. पुढे ग्रँड ज्युरीने एकाही पोलिसावर आरोप ठेवला नाही.

ही हकिगत अमेरिकेत पुष्कळदा सांगितली जाते, पण तिचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा गळतो. आदल्या संध्याकाळी डॅनियलला तपासणीसाठी इस्पितळात नेलं होतं. काही तासांत त्याला घरी सोडून देण्यात आलं. म्हणजे पोलिसांचा हात त्याच्यापर्यंत पोचण्याआधी ज्यांचा हात पोचला होता, त्यांनी अंगावर पोलिसी गणवेश नव्हे, डॉक्टरचा पांढरा कोट घातला होता.

दोन महिन्यांनी मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड मारले गेले. वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून दुकानातून फोन गेला होता. डेरेक शॉविन या पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून अधिक काळ त्यांच्या मानेवर होता. त्या उन्हाळ्यात देशभर मोर्चे निघाले आणि एक मागणी घरोघर पोचली: वेड्याला, दारुड्याला, बेघराला, घरातल्या भांडणाला पोलीस कशाला पाठवता? सोशल वर्कर पाठवा. या मागणीशी मी बारा आणे सहमत आहे. हा लेख उरलेल्या चार आण्यांविषयी आहे.

आधी एक शब्दाचा खुलासा. आपल्याकडे ‘समाजसेवक’ म्हटलं की चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत सोशल वर्कर हा पगारी, शिकलेला, बहुतेक कामांत परवाना लागणारा माणूस आहे. इस्पितळात, शाळेत, तुरुंगात, कोर्टात, बालकल्याण खात्यात असे लाखो लोक काम करतात. म्हणून इथे मी सोशल वर्कर हाच शब्द वापरते.

बारा आणे का, ते थोडक्यात. अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने दरवर्षी सुमारे हजार माणसं मरतात. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक दराने काळे मरतात. मेलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला मानसिक आजार असल्याचं माहीत होतं. दुसरीकडे डेन्व्हर शहराने जून २०२० पासून काही फोनना गाडीतून एक मानसोपचार कर्मचारी आणि एक पॅरामेडिक (तातडीचे उपचार करणारा) पाठवायला सुरुवात केली. पहिल्या सहा महिन्यांत ते ७४८ ठिकाणी गेले आणि एकालाही अटक झाली नाही. नंतरच्या एका अभ्यासात, ही गाडी जिथे फिरली त्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी उतरल्याचं आढळलं. ओरेगॉन राज्यातल्या युजीनमध्ये तर असं काम १९८९ पासून चालू होतं. तेव्हा हे जमणार नाही, हे स्वप्नरंजन आहे, असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. ते जमलेलं आहे.

माझा वाद आहे तो माझ्याच बिरादरीशी. पोलिसांच्या जागी आपण गेलो की न्याय आपोआप दारात येईल, असं सोशल वर्करांनी मानू नये. फोन कुणी केला, तो कुणी उचलला, पलीकडे काय लिहून घेतलं गेलं आणि जाणारा माणूस शेवटी कुणाला उत्तर देतो, यावर सगळं ठरतं. अंगावर गणवेश आहे की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

फोन कुणी केला इथूनच बघू. जो प्रूड यांनी स्वतःच्या भावासाठी फोन केला होता. पण असे कितीतरी फोन शेजारीपाजारी करतात, ते दुसऱ्याच्या काळजीपोटी नसतात. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावी सुरेशभाई पटेल सकाळी फिरायला निघाले होते. नातवाला सांभाळायला ते नुकतेच गुजरातहून आले होते, वय ५७, इंग्रजी येत नव्हतं. कुण्या शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं की एक बारीक काळा माणूस घरांभोवती घुटमळतोय. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. मानेला इजा झाली, अंग लुळं पडलं. त्या पोलिसाच्या खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या बैठकीत काळ्यांचा विषय निघाला की ‘आपला काय संबंध’ म्हणून जे खांदे उडवले जातात, त्यांच्यासाठी हा प्रसंग पुरेसा असावा. फोनवर पलीकडचा माणूस तुमचं आडनाव विचारत नाही.

आता समजा त्या सकाळी पोलिसाऐवजी सोशल वर्कर गेली असती. मान मोडली नसती हे नक्की. पण ‘बारीक काळा माणूस’ ही तक्रार म्हणून नोंदली गेलीच असती आणि एका आजोबांना स्वतःच्या मुलाच्या गल्लीत फिरण्याचं कारण कुणाला तरी द्यावं लागलंच असतं, फक्त गोड आवाजात.

रॉचेस्टरमध्येच याचा दाखला मिळाला. प्रूड प्रकरणानंतर शहराने संकटग्रस्तांसाठी बिनहत्यारी पथक उभं केलं, ते जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस एका घरगुती भांडणाच्या फोनवर पोलीस गेले आणि त्यांनी बेड्या घातलेल्या नऊ वर्षांच्या काळ्या मुलीच्या डोळ्यांत तिखट फवारा मारला. ‘तू लहान मुलीसारखी वागतेस,’ असं एक पोलीस तिला म्हणाला. ‘मी लहान मुलगीच आहे,’ असं ती म्हणाली. नवं पथक शहरात होतं. त्याला तिथे पाठवलंच गेलं नव्हतं.

हे झालं यंत्रणेचं. आता व्यवसायाकडे वळते, कारण मला अधिक टोचतं ते इथे. जून २०२० मध्ये मोर्चे ऐन भरात असताना अमेरिकेतल्या सोशल वर्करांच्या राष्ट्रीय संघटनेचे तेव्हाचे प्रमुख अँजेलो मॅक्लेन यांचं पत्र वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये छापून आलं. सोशल वर्कर पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून आधीपासूनच काम करतात आणि त्याचा पोलिसांनाही फायदा होतो, असा त्याचा रोख होता. मॅक्लेन स्वतः काळे, जबाबदार, अनुभवी गृहस्थ. पण सभासद भडकले. रस्त्यावर लोक एक गोष्ट मागत असताना आपली संघटना पोलिसांकडे नोकरीचा अर्ज करतेय, असं त्यांना वाटलं. मला ते पत्र खोटं वाटलं नाही. ते खरं होतं आणि पंचाईत तिथेच होती.

वर्षभराने, जून २०२१ मध्ये, याच संघटनेने माफीनामा काढला. वंशभेदाच्या कोणकोणत्या कामांत या व्यवसायाने हात घातला, ते त्यात लिहिलं होतं: काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारी सेवाकेंद्रं, मूळनिवासींची मुलं घरातून उचलून वसतिशाळांत धाडणं, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबताना नोंदणीच्या टेबलामागे बसणं. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण या यादीतली बहुतेक कामं आजोबा-पणजोबांच्या काळातली आहेत. मेलेल्यांच्या वतीने माफी मागायला खिशातून काही जात नाही.

चालू काळातलं काम वेगळं आहे आणि ते बालकल्याण खात्यात चालतं. १९७४ च्या केंद्रीय कायद्यापासून शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, सोशल वर्कर अशा लोकांवर मुलांच्या छळाचा संशय येताच कळवण्याची सक्ती देशभर पसरली. हेतू उत्तम होता, मुलं मार खाऊन मरत होती. पण आज ज्या तक्रारी खऱ्या ठरतात त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मारहाणीच्या नसतात, ‘दुर्लक्षा’च्या असतात. दुर्लक्ष म्हणजे काय? कधी खरोखरच भयंकर काही असतं. कधी घरात हीटर नसतो, कधी फ्रीज रिकामा असतो, कधी आई रात्रपाळीला गेलेली असते आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळत असते. आपल्या चाळीत हे घडलं तर शेजारची काकू पोळी-भाजी आणून देते. तिथे फाईल उघडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की अठरा वर्षांचं होईपर्यंत अमेरिकेतल्या ३७ टक्के मुलांच्या घरी या खात्याची चौकशी पोचते, आणि काळ्या मुलांत हे प्रमाण ५३ टक्के आहे. निम्म्याहून अधिक! कायद्याच्या प्राध्यापक डोरोथी रॉबर्ट्स या व्यवस्थेला कुटुंबांवरची पोलिसगिरी म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हा शब्द मला झोंबला होता, कारण असं काम करणाऱ्या, मुलांसाठी जीव पाखडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण दारावर थाप पडल्यावर आईच्या पोटात जो गोळा येतो तो गणवेश बघून येत नाही. आपलं मूल घेऊन जाण्याची ताकद या बाईच्या पेनात आहे, हे माहीत असल्याने तो येतो.

मकाया ब्रायंटची गोष्ट इथे सांगायला हवी. ओहायोतल्या कोलंबस शहरातली सोळा वर्षांची काळी मुलगी. काही काळ ती आणि तिची भावंडं आजीजवळ होती. मग राहत्या जागेचा प्रश्न उभा राहिला आणि मुलं सरकारी व्यवस्थेतून परक्या घरी ठेवली गेली. २० एप्रिल २०२१ ला, शॉविन दोषी ठरल्याचा निकाल आला त्याच दुपारी, त्या घरासमोर भांडण झालं, ९११ ला फोन गेला आणि पोहोचलेल्या पोलिसाने काही सेकंदांत गोळ्या झाडल्या. मकायाच्या हातात चाकू होता, समोर दुसरी मुलगी होती. तेव्हा पोलिसाने काय करायला हवं होतं यावर अजून वाद घातला जातो, जरूर घाला. माझ्या मनात राहते ती आजी. भाड्याने घर मिळायला मदत झाली असती तर त्या दुपारी त्या पत्त्यावर मकाया असतीच कशाला? परक्या घरात मूल सांभाळायला सरकार पैसे देतं. आजीच्या डोक्यावर छप्पर ठेवण्यासाठी त्याच पैशाला वाट सापडत नाही. पोलीस सुधारणेची मागणी करणाऱ्या प्रत्येक सोशल वर्करने या प्रश्नाचं उत्तर आधी आपल्या खात्यात शोधावं.

पांढऱ्या कोटाचीही हीच गत होते. कोलोरॅडोतल्या अरोरामध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इलायजा मॅक्लेन हा तेवीस वर्षांचा मसाज थेरपिस्ट दुकानातून घरी चालला होता. कुणीतरी फोन केला, तोंडावर मास्क घातलेला संशयास्पद इसम. पोलिसांनी त्याची मान आवळली, मग आलेल्या पॅरामेडिकनी त्याला केटामाइन या गुंगीच्या औषधाचं जबर इंजेक्शन दिलं. तो वाचला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ते दोघे पॅरामेडिकही दोषी ठरले. रोग्याकडे बघून जे ठरवायचं ते त्यांनी पोलिसांच्या सांगण्यावरून ठरवलं. ‘पोलिसांबरोबर सोशल वर्करही पाठवू’ अशी जी जोडगोळीची योजना आता ठिकठिकाणी निघाली आहे, तिच्याविषयी माझ्या मनात पाल चुकचुकते ती यामुळे. शेजारी बंदूक उभी असताना तुमच्या समुपदेशनाला काय अर्थ उरतो?

हे मी अगदीच परक्या ठिकाणाहून बोलत नाही. मुंबईत समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं ते १९३६ मध्ये. सर दोराबजी टाटा यांच्या नावाची ती शाळा, आजची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), उभी करणारे क्लिफर्ड मॅन्सहार्ट हे अमेरिकन मराठी मिशनबरोबर आलेले अमेरिकन होते. त्याआधी त्यांनी नागपाड्यात शिकागोच्या वळणाचं सेवाकेंद्र चालवलं होतं. म्हणजे हा व्यवसाय आपल्याकडे आला तोच तिथून. मदत आणि पहारा यांची युती मात्र आपल्याकडे त्याहून जुनी आहे. १८७१ च्या कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं आणि देशात अनेक ठिकाणी त्या वसाहती साल्व्हेशन आर्मीसारख्या धर्मादाय संस्थांच्या हाती दिल्या गेल्या. शाळा, काम, प्रार्थना आणि हजेरी, सगळं एकाच फाटकाच्या आत. सोलापुरात त्या भागाला अजूनही सेटलमेंटच म्हणतात.

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, पहिल्या वर्षाला मला फील्डवर्कसाठी एका पोलीस ठाण्यात बसवलं होतं. गावाबाहेरच्या पालावरची एक बाई आली. तिच्या मुलाला रात्री उचलून आणलं होतं, काय म्हणून ते कुणी सांगत नव्हतं. मी वही काढली, नाव-गाव विचारलं, घरात कोण कोण, कमावतं कोण, मुलगा कुठे कुठे जातो. तिने थोडी उत्तरं दिली, मग थांबली. म्हणाली, ‘ताई, तू हे लिवून घेतीस ते कुनाला दावणार?’ मी म्हटलं, कुणालाच नाही. संध्याकाळी फौजदारसाहेबांनी सहज मागावी तशी ती वही मागितली, आणि मी दिली. ते वाईट वागले असं नाही, चहाही पाजला. मला नाही म्हणता येतं हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. मुलगा दोन दिवसांनी सुटला. माझ्या वहीचा त्यात काही उपयोग झाला की अपाय, मला अजून ठाऊक नाही.

आपल्याकडेच याची दुसरी बाजूही आहे, नाहीतर मी एकांगी ठरेन. १९८४ मध्ये टिसने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. पोलिसांच्याच छपराखाली, पण सोशल वर्कर संस्थेच्या. नवऱ्याने मारलेली बाई ठाण्यात येते, अंमलदार ‘घरचं घरी मिटवा’ म्हणून वाटेला लावायला बघतो, आणि शेजारच्या खोलीतली बाई तिला बसवून तिची बाजू मांडते. पुढे राज्य सरकारने हे काम स्वीकारलं आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं. पोलिसांजवळ बसणं हेच पाप असतं तर हे कक्ष टिकले नसते. त्या बाईला कुणाची मर्जी सांभाळायची होती, यावर तिथलं काम उभं राहिलं.

पोलीस नकोतच, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. फ्लॉइड गेल्यानंतर काही आठवड्यांतच गॅलप या जनमत चाचणी संस्थेने काळ्या अमेरिकनांना विचारलं, तुमच्या भागात पोलीस किती वेळ असावेत? शंभरातल्या ८१ जणांनी सांगितलं, आहेत तितका किंवा जास्त. नोव्हेंबर २०२१ मध्ये खुद्द मिनीॲपोलिसमध्ये पोलीस खातं मोडून नवं सुरक्षा खातं काढण्याच्या प्रस्तावावर मतदान झालं आणि तो ५६ विरुद्ध ४४ टक्क्यांनी पडला. काळ्यांची वस्ती मोठी असलेल्या उत्तर भागातही तो चालला नाही. ज्यांच्या दारात गोळीबार होतो त्यांना फोन उचलणारं कुणीतरी हवं असतं. त्यांचं म्हणणं इतकंच की आलेल्याने आम्हाला मारू नये. विद्यापीठात बसून याहून क्रांतिकारक मागणी त्यांच्या तोंडी घालणं, हा पण एक उर्मटपणाच.

मग सोशल वर्करांनी पोलीस सुधारणेसाठी बोलू नये का? बोलावं, त्यांच्या आचारसंहितेत सामाजिक न्याय हे मूल्य म्हणून लिहिलेलंच आहे. पण बोलताना स्वतःच्या हातातलं काहीतरी खाली ठेवावं. सक्तीच्या तक्रारींची व्याप्ती कमी करा, गरिबी आणि दुर्लक्ष यांत फरक करा, म्हणून कायदेमंडळांकडे जावं. दारात उभं राहिल्यावर आधी आईला सांगावं की मला आत घेण्याची तुझ्यावर सक्ती नाही, वकील मिळू शकतो. पोलिसाने अटक करताना हक्क वाचून दाखवायचे, हे अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे; मूल नेणाऱ्या खात्याला तसं बंधन बहुतेक राज्यांत नाही. टेक्सासने २०२३ मध्ये तसा कायदा केला. टेक्सास! पुरोगाम्यांच्या यादीत हे नाव शोधूनही सापडायचं नाही. हक्क सांगण्याची ही मागणी संघटनेने पहिल्या दिवसापासून आपल्या झेंड्यावर लिहायला हवी होती.

युजीनच्या गाड्यांकडे परत येते. लोकांनी उभारलेल्या व्हाइट बर्ड नावाच्या दवाखान्यातर्फे त्या चालत. एक प्रथमोपचार जाणणारा, एक संकटात बोलायला शिकलेला, हत्यार नाही, अटकेचा अधिकार नाही. पैसा बरीच वर्षं पोलिसांच्याच अंदाजपत्रकातून यायचा, माणसं मात्र दवाखान्याची. रस्त्यावर पडलेल्याला ते पाणी द्यायचे, जखम बांधायचे, जायचं असेल तिथे सोडायचे. तो नको म्हणाला तर निघून जायचे. छत्तीस वर्षांत या गाडीची शहराला इतकी सवय झाली की देशभरातली शिष्टमंडळं बघायला येऊ लागली, आणि डेन्व्हरसारख्यांनी त्यावरूनच आपलं काम बेतलं. मग दवाखान्याची आणि शहराची पैशावरून ओढाताण सुरू झाली, कर्मचारी कमी झाले, आणि ७ एप्रिल २०२५ ला युजीनमधली ती सेवा बंद पडली. त्या रात्री कुणाचा भाऊ बर्फात पळाला असेल, तर फोन ९११ लाच गेला असणार.